पिठाखालचा चेहरा

मुलांनो,

मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडून एका जुन्या नाटकाची चित्रफीत मागवली होती. थोरलीने त्यासाठी तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार चकरा मारल्या, अर्ज भरला आणि अखेर ती माझ्यापर्यंत पोचवली. फोनवर हसून म्हणालीसुद्धा, "आजी, या वयात एका नटाच्या प्रेमात पडलीस की काय?" मी काहीतरी बोलून विषय टाळला. खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते आता क्रमाने लिहिते. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर क्रम सोडून मला काही सांगता येत नाही, हे तुम्ही जाणताच.

तुमचे आजोबा गेल्यावर मी मेहकरचं घर बंद करून जानेफळला माझ्या आईजवळ राहायला आले. तुमची ही पणजी नव्वदी ओलांडून गेली आहे. कान शाबूत आहेत. डाव्या डोळ्याने दिसतं, उजव्यातला मोतीबिंदू तिने काढू दिला नाही. घरात माझा धाकटा भाऊ आणि भावजय आहेत. भाऊ दिवसभर शेतात असतो, त्यामुळे दुपारी घरात आम्ही तिघी बायकाच. मागच्या खेपेला तुम्ही बसवून दिलेला मोठा टीव्ही समोरच्या खोलीत आहे. आईची खाट त्याच खोलीत, दाराला लागून.

मार्चमधली दुपार होती. मी हरभरा निवडत एक इंग्रजी सिनेमा पाहत होते. त्यात रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा होता. नट काळा, उंच, पांढऱ्या केसांचा. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या म्हाताऱ्याने खोकून घसा साफ केला आणि आई कुशीवर वळली.

"आवाज वाढव वं," ती म्हणाली.

"काऊन माय? तुले कुठं समजते इंग्रजी?"

ती उठून बसली. डावा डोळा टीव्हीवर, मान थोडी तिरपी. "हा माहा पोट्टा हाय," ती म्हणाली. "पीठ लावलं पाह्य केसाले."

यासाठी तुम्हाला माझ्या मोठ्या भावाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात त्याचा विषय कोणी काढत नाही, म्हणून तुमच्या वडिलांनीही तुम्हाला तो कधी सांगितला नसेल. माझा हा भाऊ जलशात काम करायचा. आपल्या वस्तीतल्या दहा-बारा जणांची ती गायन पार्टी होती. ढोलकी, पेटी, गाणी आणि मध्ये मध्ये छोटे नाट्यप्रवेश. शाळेत पोर पाठवा, दारू सोडा, असे त्यांचे विषय. भाऊ तेव्हा तेवीस वर्षांचा होता, पण प्रवेशात तो कायम म्हाताराच व्हायचा. केसांना ज्वारीचं पीठ चोळायचा, ओठावर कापसाच्या मिशा चिकटवायचा आणि असा खोकायचा की पुढे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावत. पीठ आई चाळून द्यायची. भरड पिठाने डोकं खाजतं म्हणून तिने त्याच्यासाठी बारीक कापडाची वेगळी चाळणी केली होती.

एकदा पार्टी जालन्याकडच्या एका गावी गेली. कार्यक्रम पहाटेपर्यंत चालला. उजाडल्यावर सगळे बैलगाडीत बसले. भाऊ अजून पिठातच होता. त्याने सोबत्यांना सांगितलं, "तुम्ही व्हा पुढं, मी तोंड धुऊन येतो." आणि गावाबाहेरच्या ओढ्याकडे गेला. त्यानंतर त्याला कोणीही पाहिलं नाही. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. जवळच्या दोन विहिरींत गळ टाकून पाहिले. काही सापडलं नाही. कोणी म्हणालं सुरतेला गेला, कोणी म्हणालं बाई होती. वडील वारले तेव्हा भन्तेजींना आईने बजावलं होतं की पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्याच्या नावाने करायचा विधी, फक्त नवऱ्याचं करा, पोराचं नाही. तो तोंड धुवायला गेला आहे.

त्याचा एकच फोटो आहे. तोही एका जत्रेतल्या फोटोवाल्याने काढलेला, पिठात आणि मिशांत. म्हणजे घरात जो फोटो आहे तो एका म्हाताऱ्याचा आहे, जो कधी म्हातारा झाला की नाही हे आम्हाला ठाऊक नाही. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. खरं सांगते, तो फोटो पाहून पाहून त्याचा धुतलेला चेहरा मी केव्हाच विसरून गेले होते.

त्या दुपारी मी फोटो काढून टीव्हीशेजारी धरला. सगळं जुळत होतं. डोळ्यांच्या खोबण्या, नाकाचा पसरटपणा, खालचा ओठ पुढे काढून ऐकण्याची ढब. भावजय भाकरीचं पीठ मळता मळता दाराशी येऊन पाहू लागली. सासूला ती आत्याबाई म्हणते.

"अव माय! आत्याबाईचं लेकरू अमेरिकेत निघालं की," ती हसत म्हणाली. "पत्र तरी टाकाव ना त्यानं एखादं."

"सोंग चालू हाय त्याचं," आई शांतपणे म्हणाली. "मधी कसा येईन?"

तेव्हाच मी तिला सांगायला हवं होतं की माय, हा परका माणूस आहे. मी सांगितलं नाही. तिने त्या दिवशी दीड भाकर खाल्ली. त्याआधीच्या महिन्याभरात ती अर्ध्या भाकरीवर आली होती.

मग मी त्या नटाची माहिती काढली. सुरुवात एका लहान शहरातल्या रंगभूमीवर. तिथे सात-आठ वर्षं, मिळेल ते काम. नंतर टीव्हीवर एका इस्पितळाच्या मालिकेत डॉक्टर, पुढे दुसऱ्या मालिकेत पोलीस अधिकारी. सिनेमे उशिरा, पन्नाशीनंतर. बहुतेक बाप, आजा, पाद्री, न्यायाधीश. वय भावाएवढंच. एका वहीत मी तीन रकाने आखले, नाटक, टीव्ही, सिनेमा, आणि प्रत्येकापुढे त्याचं तेव्हाचं वय लिहिलं. अलीकडचे सिनेमे आधी लावले. कारण आईला तो पांढऱ्या केसांचाच ओळखू येत होता.

रोज दुपारी दोनला आम्ही बसायचो. बाहेर ऊन, दार लोटलेलं, टीव्हीचा निळा उजेड आईच्या पांढऱ्या लुगड्यावर. एका सिनेमात तो शेवटी मरतो. मी रिमोट हातात घेऊन तयार होते. आईने माझा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. "उठंल आता. पडदा पडला की उठतेच तो." पडद्यावर नावं वर सरकत गेली. आई पाहत राहिली. नावं संपली, टीव्ही आपोआप पहिल्या चित्रावर आला, आणि तिथे तो उभा होता, जिवंत, दाराच्या चौकटीला टेकून. आईने माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाला एखादी साधी गोष्ट समजावल्यावर पाहतात तसं.

आता मी केलेली चूक सांगते. आईला इंग्रजी येत नाही. ती विचारायची, "काय म्हनून राह्यला?" पहिले काही दिवस मी इमानदारीने भाषांतर केलं. तो बायकोशी भांडतो आहे, तो कोर्टात साक्ष देतो आहे. आईला त्यात गोडी नव्हती. एकदा औषधाची वेळ झाली आणि ती गोळी घेईना. पडद्यावर तो खाली वाकून कोणाशी तरी बोलत होता. आईने विचारलं, "काय म्हनते?" मी म्हणाले, "म्हणतो, माय, गोळी घे."

तिने घेतली.

त्यानंतर मी थांबले नाही. म्हणतो, जेवलीस का. म्हणतो, उन्हात बसू नको. म्हणतो, पाय दुखतात का. आई त्याला उत्तरं द्यायची, लांबलचक, गावातल्या बातम्यांसकट. अमक्याची विहीर आटली, तमक्याची सून बाळंत झाली. आणि मुलांनो, तो थांबायचा. चांगला नट बोलण्याच्या आधी थांबतो, हे मला कळतं, मी शाळेत स्नेहसंमेलनाची नाटकं बसवली आहेत. पण तो आईचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायचा. ती लांब बोलली की लांब, दोन शब्दांत आटोपलं की तेवढंच. मी एकदा घड्याळ लावून तोच प्रसंग आई झोपल्यावर पुन्हा पाहिला. त्याचं थांबणं तेवढंच होतं, त्यात काही बदल नव्हता. मग आईलाच ठाऊक होतं का, किती बोलायचं ते? तिने तो सिनेमा त्यापूर्वी एकदाही पाहिलेला नव्हता. मी घड्याळ ठेवून दिलं आणि पुन्हा मोजलं नाही.

एप्रिलच्या शेवटी आई म्हणाली, "त्याले विचार, तोंड धुऊन कधी येतो."

ती वाट पाहत होती. पडद्यावर तोही थांबला होता.

"विचार ना वं. तुले येते न त्याची भाषा?"

"म्हणतो, येतो," मी म्हणाले.

दुसऱ्या सकाळी उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली होती. बाजूला घडी केलेला पंचा आणि साबणाची वडी. आईने भावजयीला सांगून ठेवायला लावली होती. रोज पाणी ताजं लागायचं.

"बाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या," भावजय मला मोरीजवळ गाठून म्हणाली. "मले सांगा, आता ही बादली कोन उचलनार? गल्लीतल्या बाया इचारून राह्यल्या, तुमच्याकडं पाव्हना येनार हाय का म्हून."

"चार दिवसांत विसरेल ती," मी म्हणाले.

"पन्नास वर्सं नाई इसरली, अन् चार दिवसांत इसरंल?"

आठ-दहा दिवसांनंतरची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. मी आत इस्त्री करत होते, भावजय मागच्या अंगणात कुरडया वाळत घालत होती, आई खाटेवर झोपली होती. मी काही कामासाठी दारात आले आणि बादलीकडे नजर गेली. पाणी पांढरं झालं होतं. वर पातळ साय धरावी तसं पीठ तरंगत होतं आणि तळाशी बसलेलं दिसत होतं. पंचा ओला होता. घडी मोडलेली.

मी भावजयीला हाक मारली. ती आली, पाहिलं, आणि पदराने हात पुसत राहिली. "तुझे हात धुतलेस का यात?" मी विचारलं.

"मी काऊन हात घालू त्या बादलीत?" ती म्हणाली. नंतर आवाज खाली आणून, "अन् माह्या हाताले कुरडयाचा चीक हाय बाई. हे तर जवारीचं दिसते."

गल्लीत कोणी नव्हतं. समोरच्या कडुनिंबाखाली एक कुत्रं झोपलं होतं, तेही उठलेलं नव्हतं. मी बादली उचलून ओतायला निघाले तोच मागून आईचा आवाज आला. "ओतू नको." ती खाटेवर बसून सगळं पाहत होती. "येऊन गेला," ती म्हणाली. "मी झोपली व्हती न. मी झोपली व्हती म्हून गेला."

पीठ बादलीत कसं आलं याचा मी पुष्कळ विचार केला. आई काठीशिवाय चालत नाही, पिठाचा डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असतो. भावजय खोटं बोलत नाही. वाऱ्याने म्हणावं तर पंचा कशाने ओला झाला? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि तुमच्यासाठी ते बनवून लिहिणार नाही.

त्या दिवसापासून आईने झोपणं सोडलं. ती खाटेवर भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसायची. डोळा लागला की दचकून उठायची. जेवणही सुटलं. "तो धुतल्या तोंडानं येईल तवा दोघं जेवू," म्हणायची. मी टीव्ही लावून "म्हणतो, जेव" असं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अजून पिठातच हाय. पिठातल्याचं काय ऐकू?" चौथ्या दिवशी डॉक्टर घरी आले. सलाईन लावलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "मॅडम, पोटात अन्न गेलं नाही तर आठवडाभराच्या वर मी काही सांगू शकत नाही."

मीच तिच्याशी खोटं बोलले होते आणि आता ती त्या खोट्यापायी जाणार होती. खरं सांगावं तर तेही उशिराचं वाटत होतं. मग मला वहीतला पहिला रकाना आठवला. तेवीस-चोवीस वर्षांचा असताना तो नट रंगभूमीवर होता. तेव्हाचे केस काळे, चेहरा स्वच्छ. आईला तोच एकदा धुतलेल्या तोंडाने दाखवला तर? तिने पोटभर पाहावं, जेवावं, निजावं, एवढाच माझा हिशेब. म्हणून मी थोरलीला फोन केला आणि ती चित्रफीत मागितली. तिने ती पाच दिवसांत पाठवली. तेवढे दिवस आई सलाईनवर आणि चमच्याने पाजलेल्या ताकावर राहिली.

फीत आली त्या दुपारी मी दार लोटलं, टीव्ही लावला. चित्र काळं-पांढरं, धुरकट. रंगमंचावर एक टेबल, एक खुर्ची. डावीकडून तो आला. तरणाताठा, दाढी-मिशी नाही, कपाळ उजेडात चकाकणारं. हाच, मला वाटलं. हाच माझा भाऊ. इतकी वर्षं जे तोंड मला आठवत नव्हतं ते समोर होतं, आणि मी आईला विसरून त्याच्याकडे पाहत राहिले.

आई म्हणाली, "मले जवळ ने."

भावजयीने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून टीव्हीपर्यंत नेलं. तिने काचेवर तळहात ठेवला. तो इकडून तिकडे चालत होता, तिच्या बोटांच्या आतून.

"हा कोन हाय?" तिने विचारलं.

"माय, तोच. तोंड धुतलंय पाहा."

"नाई वं बाई. हा दुसऱ्याचा हाय."

"नीट पाहा ना माय."

"माह्या पोराच्या भिवईत देवीचा वण व्हता. उजव्या. तिथं केस येत नव्हते. कान एक लहान, एक मोठा. हसला की इथं," तिने माझ्या गालाला बोट लावलं, "इथं खड्डा पडे. एकाच बाजूनं." तिने हात खाली घेतला. "पिठाखाली कोनीबी बसते, बाई. तू कोनालेबी बसवलं."

मी तिला खाटेवर बसवलं आणि तिच्या पायाशी खाली बसले. सांगून टाकलं. "माय, तो काही बोलत नव्हता. गोळी घे, जेव, उन्हात बसू नको, सगळं मीच बोलत होते."

"मले माहीत व्हतं," आई म्हणाली.

"माहीत होतं?"

"तो कधी 'जेवलीस का' म्हनत व्हता का? घरात आला की 'भूक लागली' म्हने. पहिलं तेच." तिच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. "तुहं बोलनं गोड वाटे, म्हून ऐकली. पर तोंड तरी त्याचं हाय, असं वाटे. आता तेबी नाई."

भावजय दाराला टेकून रडत होती. आईने तिला विचारलं, "त्या मानसाची माय जित्ती असंल का?"

"कोनाची, आत्याबाई?"

"त्या टीव्हीतल्या. माह्याच वयाची असंल ती. तिच्या पोरानं तोंड धुतलं, म्हातारा झाला, सारं झालं. चांगलं झालं तिचं." मग तिने भिंतीला टेकलेली पाठ सोडली. "माहा म्हातारा झालाच नाई. तेवीस वर्साचाच गेला तो." हे वाक्य तिने पन्नास वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. भावजयीकडे वळून म्हणाली, "भाकर टाक वं. पातळ टाक."

अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत झोपली. बादली भावजयीने लिंबाच्या झाडाला ओतली.

पौर्णिमेला घरी भन्तेजी आले. वस्तीतली वीस-पंचवीस माणसं होती, जलशातला एकच म्हातारा उरला आहे तोही काठी टेकत आला. पुण्यानुमोदनाला फोटो मांडतात. धाकटा भाऊ तो जुना फोटो पुसून आणायला गेला तर आईने नको म्हटलं. टेबलावर तिने फक्त मेणबत्ती लावायला सांगितली. त्रिसरण-पंचशील झालं. भन्तेजींनी विचारलं, नाव काय घ्यायचं? आम्ही सगळे आईकडे पाहू लागलो. तिने ते नाव स्पष्ट, मोठ्याने सांगितलं, आणि पुढे "वय तेवीस" असंही जोडलं. ते ऐकताना मला जाणवलं की मी त्याला इतके दिवस सत्तरीचा धरून चालले होते.

ही गोष्ट इथे संपायला हवी होती. आई आता जेवते, झोपते, भावजयीवर ओरडतेही. समोरच्या खोलीतला टीव्ही तिने बंद करायला लावला आहे. म्हणते, "त्या बापड्याले त्याच्या घरी राहू दे." मी वही कपाटात ठेवली आणि तसं करायचं ठरवलंही होतं.

पण तिला तो आता दिसत नाही, आणि मला दिसतो. भिवईतला वण, लहान-मोठे कान, एका गालाची खळी, हे सगळं आईने सांगितल्यावर माझ्या डोक्यात बसलं. तेव्हापासून त्या नटाच्या तोंडावर मला ते दिसू लागलं आहे. मला ठाऊक आहे की तिथे वण नाही. मी चष्मा पुसून, चित्र थांबवून पाहिलं आहे. थांबवलेल्या चित्रात नसतो. चालू केलं की असतो. त्याची एक नवी मालिका गेल्या महिन्यात सुरू झाली आहे. तुमच्याकडेही लागत असेल. कृपा करून त्याचं जुनं काही आता मला पाठवू नका, मी मागितलं तरी नका पाठवू.

काल दुपारी आई जेवून पडली होती. मी आवाज पूर्ण बंद करून पाहत बसले. तो एका खोलीत शिरला, दार लावलं, आणि टेबलाशी कोणाची तरी वाट पाहत उभा राहिला. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, आणि तरी भाषांतर करायची सवय सुटलेली नव्हती.

"बाई," आईने डोळे न उघडता विचारलं, "टीव्ही बंद हाय न?"

"हो माय," मी म्हणाले, "बंद आहे."

तो थांबला होता. मी उत्तर देऊन झाल्यावर त्याने मान हलवली आणि खुर्ची ओढून बसला.